कलिका कुठे फुटली? सूक्ष्मदर्शीखाली यीस्टच्या दोन पिढ्या पाहण्याची रीत

जाणता शेतकरी गाय पारखताना आधी दात बघतो, मग शिंगावर बोट फिरवतो. शिंगाच्या बुडाशी उठलेली वळी तो मोजतो आणि गाय किती वेतांची असेल ते सांगतो. साधारण एका वेताला एक वळं. गाईने किती वासरं दिली, याची नोंद तिच्या अंगावरच असते.

पाव फुगवणाऱ्या यीस्टची पेशीही अशीच नोंद ठेवते. तिच्यापासून एक पिल्लू सुटलं की त्या जागी तिच्या भित्तिकेवर एक गोल व्रण उरतो. पुढचं पिल्लू त्या व्रणातून येत नाही, नव्या जागी येतं, आणि तिथेही व्रण उरतो. ही जागा सहसा वाटेल तशी निवडलेली नसते. मागच्या विभाजनाची खूण पाहून पेशी पुढच्या विभाजनाची जागा ठरवते. पिढ्या बदलतात, खुणेची शिस्त चालू राहते आणि प्रत्येक नवी पेशी आईसारख्याच लांबट अंड्याच्या आकाराची होते.

दहावीच्या विज्ञानात यीस्टचं कलिकायन आहे. बहुतेक शाळांमध्ये ते एका काचपट्टीवर दाखवतात, ‘ही बघा कलिका’ म्हणतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मी चिखलीत मुलांना हा प्रयोग दाखवायला लागलो तेव्हा मीही तेवढंच करत होतो. एकदा एका मुलीने नेत्रिकेवरून डोळा न काढता विचारलं, “सर, ही पुढची कलिका कुठून फुटेल?” त्या प्रश्नासाठी जे जुळवत गेलो, ते पायरीपायरीने इथे मांडतो आहे. खर्च फार नाही. लागतो तो एक अख्खा दिवस, आणि दर पंधरा मिनिटांनी प्रामाणिकपणे चित्र काढण्याची तयारी.

आधी एवढं समजून घ्या

उसाच्या कांड्यावर डोळा असतो आणि कोंब तिथूनच येतो. बी रुजताना एका बाजूने मूळ निघतं, दुसऱ्या बाजूने अंकुर. सजीवाच्या अंगाला अशी ‘ही बाजू’ आणि ‘ती बाजू’ असणं म्हणजेच ध्रुवीयता. यीस्टची पेशी एकटी असते, तिला ना मूळ ना शेंडा. तरी वाढायचं कोणत्या जागी, हे तिला ठरवावंच लागतं. सगळीकडून सारखी वाढली तर ती नुसती मोठा गोळा होईल आणि पिल्लू कधीच होणार नाही.

बाजारातल्या यीस्टचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याची पेशी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरात शंभर ते दोनशे पेशी ओळीने बसतील. चांगलं अन्न आणि ३० अंश सेल्सिअस तापमान मिळालं तर दर दीड तासाला ती एक नवी पेशी देते. आपल्या घरगुती अन्नावर हाच वेळ दोन-अडीच तासांपर्यंत जातो.

जागा निवडण्याच्या तिच्या दोन पद्धती आहेत. गुणसूत्रांचा एकच संच असलेली, म्हणजे एकगुणित पेशी मागच्या व्रणाला अगदी खेटून नवी कलिका काढते. दोन संच असलेल्या द्विगुणित पेशीची रीत वेगळी. तिची लेक पहिली कलिका सहसा आईच्या विरुद्ध टोकाला काढते, आणि नंतरच्या कलिका दोन्हीपैकी कोणत्याही टोकाला येतात. हा फरक १९६० सालीच नोंदला गेला आहे. बेकरीच्या यीस्टमध्ये सहसा दोन किंवा त्याहून जास्त संच असतात. त्यामुळे आपली अपेक्षा आधीच वहीत लिहून ठेवता येते: लेकीची पहिली कलिका आईपासून लांबच्या टोकाला येईल. आजचा सगळा दिवस ही अपेक्षा तपासण्यासाठी आहे.

काय काय लागेल

सूक्ष्मदर्शीला १० पट नेत्रिका आणि ४० पट वस्तुभिंग हवं, म्हणजे एकूण ४०० पट. एवढ्या वर्धनाने ५ मायक्रोमीटरची पेशी २ मिलिमीटरची दिसते, साधारण मोहरीच्या दाण्याएवढी. १०० पट तेलाचं भिंग असेल तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही.

शिवाय काचपट्ट्या, आच्छादक काचा, ड्रॉपर, ब्लेड, चिकटपट्टी, व्हॅसलीन, मेथिलीन ब्लूचं पातळ द्रावण, मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पट्टी, घड्याळ, वही आणि पेन्सिल.

किराणा दुकानातून सक्रिय ड्राय यीस्ट, साखर, एक बटाटा आणि चायना ग्रास आणा. चायना ग्रास म्हणजेच अगर-अगर. त्याऐवजी जिलेटिन घेऊ नका. जिलेटिनची खळ तिशीच्या आसपासच सैल पडते, आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये ती टेबलावरच पाणी होईल. अगर एकदा थिजलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही.

यीस्टचं पाकीट जुनं नसावं. दुकानात ते उन्हाळाभर तापत पडलेलं असेल तर त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या निघतात. घरी आणल्यावर घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

पायरी १: आदल्या संध्याकाळी अन्नाची खळ करा

१० ग्रॅम बटाट्याचे बारीक तुकडे ५० मिलिलिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा. पाणी सुती कापडातून गाळा आणि आटलं असेल तेवढं साधं पाणी घालून पुन्हा ५० मिलिलिटर करा. अर्धा तास न हलवता ठेवा, म्हणजे पिठूळ गाळ खाली बसेल. वरची निवळ तेवढी घ्या. तिच्यात १ ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम चायना ग्रास घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. पट्ट्यांचं चायना ग्रास असेल तर थोडं जास्त लागतं. निवळ घेण्याचा कंटाळा करू नका. बटाट्याच्या स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शीखाली पेशीसारखे दिसतात आणि नवख्याला हमखास फसवतात.

हे मिश्रण झाकून ठेवा. सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उकळत ठेवली की ते पुन्हा पातळ होतं.

पायरी २: सकाळी यीस्ट जागं करा

५० मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि पाव चमचा यीस्ट घाला. पाण्यात बोट बुडवलं तर ऊब लागावी, चटका लागू नये. भांड्याचं झाकण सैल ठेवा. यीस्टमधून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि घट्ट बुचाची बाटली त्या दाबाने फुटू शकते.

दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस आलाच नाही तर पाकीट बदला. त्यावर दिवस घालवण्यात अर्थ नाही.

लगेच काचपट्टी करून पाहिलं तर कलिका जवळजवळ दिसत नाहीत. वाळवलेल्या पेशी उपाशी आणि थांबलेल्या असतात. त्यांना अन्न घेऊन पुन्हा कामाला लागायला तास-दोन तास लागतात. शाळेत तासिका चाळीस मिनिटांची असते, म्हणून बऱ्याच मुलांनी कलिका पाहिलेलीच नसते. तुम्ही दोन तास थांबा.

जागेची ऊबही सांभाळा. यीस्टला ३० अंशांच्या आसपास सुखाचं वाटतं. डिसेंबरच्या सकाळी भांडं फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. मे महिन्यात चिखलीचा पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा कूलरच्या खोलीत काम करा, पण थेट झोतात बसू नका.

पायरी ३: या दोन तासांत भिंगाचं माप काढून ठेवा

१० पट वस्तुभिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा आणि दृष्टिक्षेत्राच्या गोलात किती मिलिमीटर बसतात ते पाहा. शाळेतल्या बऱ्याच सूक्ष्मदर्शींवर ते १.८ मिलिमीटरच्या आसपास येतं. ४० पट भिंगाखाली गोल चौपट लहान होतो, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रोमीटर. या गोलाच्या व्यासावर अंदाजे किती पेशी ओळीने बसतील ते मोजा आणि ४५० ला त्या आकड्याने भागा. पेशीची लांबी मिळेल. हे गणित मुलांना स्वतः करू द्या. स्वतः मोजलेली पेशी विसरली जात नाही.

वीज नसेल तर आरशाचा सूक्ष्मदर्शी खिडकीजवळ घ्या आणि आरसा उजळ आभाळाकडे वळवा. सूर्याकडे तो कधीही वळवू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

पायरी ४: मेलेल्या आणि जिवंत पेशी ओळखा

काचपट्टीवर यीस्टचा एक थेंब घ्या, त्यात मेथिलीन ब्लूचा एक थेंब मिसळा आणि वर आच्छादक काच ठेवा. मेलेल्या पेशी गडद निळ्या होतात. जिवंत पेशी रंग आत शिरला तरी त्याचं रूप बदलून तो रंगहीन करतात, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. शंभर पेशी मोजा. निम्म्याहून जास्त निळ्या असतील तर नवं यीस्ट घेणं बरं. ही पट्टी फक्त तपासणीपुरती आहे, पुढच्या पायऱ्यांसाठी बिनरंगाचंच यीस्ट वापरा.

याच वेळी नजर तयार करून घ्या. पेशीच्या आत जी मोठी, स्वच्छ पिशवी दिसते ती रिक्तिका आहे. तिला केंद्रक समजू नका, रंगाशिवाय केंद्रक सहज दिसत नाही. जाड काळ्या कडेचा, अगदी रेखीव गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. दोन पेशी शेजारी दिसल्या की त्या माय-लेक असतीलच असं नाही. सुईच्या टोकाने आच्छादक काचेला हलकं टोचा. माय-लेक एकत्र हलतात आणि त्यांच्यामध्ये बारीक मान दिसते. परक्या पेशी एकमेकींपासून सुटतात.

पायरी ५: अगरचा पॅड बनवा

पातळ थेंबात पेशी वाहत राहतात. आत्ता पाहिलेली पेशी पाच मिनिटांनी सापडत नाही. पिढ्या पाहायच्या तर पेशीला एका जागी बसवावं लागतं, आणि पॅड त्यासाठीच.

एका काचपट्टीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे चार-पाच थर द्या. मध्ये गरम खळीचे दोन-तीन थेंब टाका आणि लगेच वरून दुसरी काचपट्टी सपाट दाबा. पाच मिनिटांत थिजलं की वरची पट्टी बाजूला सरकवत काढा. उचलून काढली तर पॅड फाटतो. ब्लेडने साधारण १ सेंटीमीटरचा चौकोन राखा आणि बाकीचं खरवडून टाका.

जागं झालेलं यीस्ट साध्या पाण्यात वीसपट पातळ करा. त्याचा अगदी लहान थेंब पॅडवर ठेवा आणि तो जिरेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग आच्छादक काच ठेवा आणि तिच्या तीन कडांना व्हॅसलीन लावा. चौथी कड मोकळी सोडा, नाहीतर निघणारा वायू आत साठून पेशींना ढकलतो. पेशी आता काचेला लागून आणि पॅडच्या वर एकाच थरात बसलेल्या असतील. पेशी फार दाट दिसल्या तर आणखी पातळ करून दुसरा पॅड करा. एका गोलात वीस-पंचवीस पेशी पुरेत.

पायरी ६: एक माय निवडा आणि तिला सोडू नका

अशी पेशी शोधा जिला नुकतीच कलिका फुटली आहे, म्हणजे कलिकेची रुंदी आईच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. अशा पाच-सहा जोड्या निवडून त्यांचं चित्र काढा आणि क्रमांक द्या. आजूबाजूच्या पेशींची मांडणीही काढा, घर ओळखायला शेजार लागतो. काचपट्टी मंचावरून हलवू नका. पाहून झालं की दिवा बंद करा, नाहीतर त्याच्या उष्णतेने पॅड आक्रसतो. मधल्या वेळात वरून ओला रुमाल घातलेला डबा पालथा घालता आला तर तो घाला.

दर पंधरा मिनिटांनी पाहा. चित्र, वेळ आणि तापमान लिहा. नेत्रिकेला मोबाइल लावून फोटो घ्या, पण चित्र चुकवू नका. फोटो काढताना डोळा निसटता पाहतो, चित्र काढताना त्याला नीट पाहावंच लागतं.

पहिल्या तासात कलिकेचा आकार बदलताना दिसेल. सुरुवातीला ती टोकाकडून वाढते, मग सगळ्या बाजूंनी भरते आणि वाटोळी होते. पेशीचक्राच्या एका टप्प्यावर ही वाढ टोकावरून सर्वांगाकडे वळते. ते वळण उशिरा आलं तर कलिका लांबुडकी होते.

मग एक वेळ अशी येते की माय आणि लेक दोघी भरलेल्या दिसतात आणि मधली मान तेवढी बारीक राहते. त्या लगेच सुटतील असं नाही, पुष्कळदा चिकटूनच राहतात. दोघींपैकी कोणाला नवी कलिका आली की मागचं विभाजन पुरं झालं असं समजा. लेक जन्मतः आईपेक्षा लहान असते आणि तिला आधी पुरेसं वाढावं लागतं. म्हणून सहसा आईला पुढची कलिका आधी येते, लेकीला नंतर. तुमच्या वहीत हा मिनिटांचा फरक मिळायला हवा.

पायरी ७: घड्याळाच्या काट्याने जागा लिहा

‘वर’, ‘बाजूला’, ‘थोडं तिरपं’ अशा शब्दांनी नोंद होत नाही. लेकीची पेशी म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. ती आईला जिथे जोडलेली आहे ती जागा ६ वाजल्याची, आणि आईपासून सर्वांत लांबचं टोक १२ वाजल्याचं. पहिली कलिका कितीवर फुटली ते लिहा.

एकगुणित यीस्ट असतं तर कलिका ५ किंवा ७ च्या आसपास, जन्माच्या जागेला खेटून आली असती. बेकरीच्या यीस्टकडून आपली अपेक्षा ११, १२ किंवा १ ची आहे. निदान वीस लेकींची नोंद करा. एका दिवसात जमलं नाही तर तीन मुलांच्या गटांत वाटून घ्या. जागा निव्वळ योगायोगाने ठरत असती तर बारापैकी या तीन घरांत चौथा हिस्सा, म्हणजे वीसपैकी पाचच कलिका पडल्या असत्या. तुमच्या वहीत पंधरा-सोळा आल्या तर पेशी जागा निवडते आहे, हे तुम्ही स्वतः दाखवलंत. आकडा कमी आला तर तोही तसाच लिहा. अपेक्षेला जुळावं म्हणून कलिका १० वरून ११ वर सरकवायची नाही. पेशी चौकोनाच्या कडेला दाबली गेली होती का, यीस्ट थकलेलं होतं का, हे तपासायचं आणि प्रयोग पुन्हा करायचा.

जे दिसलं त्याच्या आत काय चालतं

आता कारणांकडे येऊ. १९९१ मध्ये जॉन चँट आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी यीस्टची काही जनुकं अशी दाखवून दिली की ती बिघडली तर कलिका भलत्याच जागी फुटतात. त्यांना ‘बड’ जनुकं असं नाव मिळालं. द्विगुणित पेशीच्या दोन टोकांवर दोन वेगळी खूण-प्रथिनं बसलेली असतात. बड-८ लांबच्या टोकावर आणि बड-९ जन्माच्या टोकावर. पेशीचं दुसरं एक यंत्र या खुणा वाचतं आणि ‘इथे’ असा निरोप पुढे देतं.

निरोप पोहोचतो सीडीसी-४२ नावाच्या प्रथिनाकडे. वाढीची खरी सूत्रं त्याच्या हाती आहेत. ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी जमू लागतं, आणि जिथे जमतं तिथे आणखी ओढलं जातं. चौकात चार माणसं जमली की जाणारा पाचवाही थांबतो, तसं हे घडतं. दोन ठिकाणी गर्दी होऊ लागली तर त्यांतली एक वाढते आणि दुसरी विरते. म्हणून एका वेळी एकच कलिका येते. गर्दी जमली की ॲक्टिनचे दोर त्या जागेकडे ताणले जातात आणि त्यांच्यावरून भित्तिकेचं सामान भरलेल्या पिशव्या वाहून येतात. पेशीच्या आत पाण्याचा दाब मोठा असतो. भित्तिका जिथे नवी आणि नरम होते तिथे तो दाब तिला बाहेर ढकलतो. ढकललेला तो फुगवटा म्हणजे तुम्ही काढलेल्या पहिल्या चित्रातली कलिका.

मानेशी सेप्टिन या प्रथिनांचं कडं असतं. दोन वावरांमध्ये बांध असावा तसं ते माय-लेकींच्या मध्ये राहतं आणि इकडची प्रथिनं तिकडे सहज जाऊ देत नाही. त्याच जागी कायटिनचं कडं घातलं जातं, आणि लेक सुटल्यावर आईच्या अंगावर उरणारा व्रण त्या कायटिनचाच. झिंगे-खेकड्यांच्या कवचातही हाच पदार्थ असतो. जुन्या व्रणाच्या आतून पुन्हा कलिका फुटू नये म्हणून तिथे सीडीसी-४२ ला शांत करणारं वेगळं प्रथिनही नेमलेलं आहे.

ही दोन कामं वेगळी आहेत, हे नीट लक्षात घ्या. खूण वाचणारं बड-१ हे जनुक काढून टाकलं तर कलिका कुठेही फुटतात, पण प्रत्येक कलिका नीट वाढते आणि पेशीचा आकारही ठीक राहतो. सीडीसी-४२ निकामी केलं तर पेशी नुसती फुगत जाते आणि कलिका येतच नाही. म्हणजे आई लेकीला तयार आकार देत नाही. ती एक खूण देते आणि आकार घडवणारी यंत्रणा देते. आकार प्रत्येक पिढीत पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो.

याचा आणखी सरळ पुरावा दुसऱ्या एका यीस्टमध्ये मिळतो. शिझोसॅकरोमायसिस पोंबे हे यीस्ट पाउल लिंडनर यांनी १८९३ मध्ये आफ्रिकेतल्या एका धान्याच्या बिअरमधून मिळवलं. ‘पोंबे’ हा स्वाहिली शब्द, अर्थ बिअर. त्याच्या पेशी खडूच्या कांडीसारख्या असतात. त्या ३ ते ४ मायक्रोमीटर रुंद असतात, १४ मायक्रोमीटरच्या आसपास लांब होतात आणि बरोबर मध्यावर दुभंगतात. नव्या पेशीचं एक टोक जुनं असतं आणि दुसरं नुकतंच कापलेलं. ती आधी जुन्या टोकाने वाढते आणि काही वेळाने नव्या टोकानेही वाढू लागते. १९८५ मध्ये मर्डॉक मिचिसन आणि पॉल नर्स यांनी या क्रमाचा बारकाईने अभ्यास केला. पेशीच्या आत लांबीने पसरलेल्या सूक्ष्मनलिका टी-१ नावाचं प्रथिन दोन्ही टोकांना पोचवत राहतात. ते नसेल तर कांडी वाकते किंवा तिला बाजूला फाटा फुटतो. या पेशीची भित्तिका विकरांनी उतरवली तर ती पूर्ण गोल होते. पुन्हा भित्तिका बांधू दिली तर त्या गोळ्यातून वाढीचं टोक नव्याने निघतं आणि कालांतराने कांडी परत उभी राहते. आकार साफ पुसला गेला तरी तो पुन्हा घडवण्याचं ज्ञान पेशीत शाबूत असतं.

पेशी विभाजनाची वेळ कशी ठरवते, याच्या शोधासाठी २००१ चं वैद्यकाचं नोबेल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना मिळालं. हार्टवेल यांचं काम बेकरीच्या यीस्टवर होतं आणि नर्स यांचं पोंबेवर. सीडीसी-४२ तर आपल्याही पेशींत आहे. माणसाचं सीडीसी-४२ यीस्टमध्ये घातलं तर बिघडलेल्या यीस्टचं काम त्यावर भागतं, हे १९९० मध्ये दिसून आलं. जखम भरताना सरकणारी त्वचेची पेशी पुढची बाजू कोणती हे ठरवते, तेव्हा याच कुळातली प्रथिनं राबत असतात.

पायरी ८: वंशावळ काढा

पाच-सहा तासांची चित्रं जुळवून प्रत्येक जोडीची वंशावळ मांडा. आईखाली लेक, लेकीखाली नात. प्रत्येक नावापुढे कलिका दिसल्याची वेळ आणि घड्याळाचं घर लिहा.

या तक्त्यातून एक हिशेबही निघतो. प्रत्येक विभाजनाला एक माय राहते आणि एक कोरी लेक येते. म्हणून वाढत्या यीस्टमध्ये कोणत्याही वेळी जवळपास निम्म्या पेशी बिनव्रणाच्या, पाव हिश्शाच्या पेशी एका व्रणाच्या आणि आठव्या हिश्शाच्या दोन व्रणांच्या असतात. दहा व्रणांची म्हातारी दोन हजारांत एखादीच. माय अमर नसते हे रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये दाखवलं. एकेक लेक सुईने बाजूला सारत त्यांनी विभाजनं मोजली. साधारण वीस-पंचवीस लेकी दिल्या की माय थांबते. लेक मात्र कोऱ्या अंगाने आणि पूर्ण आयुष्य घेऊन सुरुवात करते.

इथे चुका होतात

पॅडला पाणी सुटलं असेल तर पेशी पोहतात. थेंब जिरल्याशिवाय काच ठेवू नका.

दोन तास झाले तरी काहीच वाढलं नाही, तर खळ फार गरम असताना यीस्ट टाकलं असेल किंवा खोली तापली असेल. पॅड हाताला पूर्ण गार लागला पाहिजे.

बारीक, वळवळणाऱ्या काड्या दिसल्या तर ते जीवाणू आहेत. भांडी पुन्हा उकळा आणि नव्याने सुरू करा.

तिसऱ्या पिढीनंतर पेशी एकमेकींवर चढतात आणि कोण कोणाची हे कळत नाही. तिथे थांबा. अंदाजाने नातं जोडू नका.

हे यीस्ट खाण्याचं असलं तरी प्रयोगातलं काहीही तोंडात घालायचं नाही. शेवटी सगळं उकळूनच टाका.

पुढे जायचं असेल तर

व्रण साध्या भिंगाखाली नीट दिसत नाहीत. कॅल्कोफ्लोर हा रंग कायटिनला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. मग आईच्या अंगावरची कडी एकेक मोजता येतात. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्ये जे चमक आणणारे पदार्थ घालतात, त्यांच्याच कुळातला हा रंग आहे. त्यासाठी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शी लागतो. महाविद्यालयातल्या मुलांनी आपल्या प्राध्यापकांमार्फत विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेकडे विचारणा करावी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे यीस्टचेही वाण जपलेले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पोंबे यीस्टच्या विभाजनावर संशोधन चालतं. चिखलीच्या बाकावर सुरू झालेला प्रश्न तिथल्या प्रयोगशाळांमध्येही चालू आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? त्या दिवशी मी तिला ते दिलं नाही, मला ते माहीतही नव्हतं. आम्ही दोघं तीन वाजेपर्यंत एकाच पेशीपाशी बसलो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी लेकीच्या लांबच्या टोकावर टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा दिसला. तिने वहीत ‘१२’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. एका पेशीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या एकोणीस मोजायला आली.